दहाव्या ओळीचे तीन मिलिमीटर

रविवार, संक्रांतीच्या आधीचा. सकाळी दहा. जागा: बालाघाट, माझ्या घराची पुढची खोली.

हजर:
१. मी, गटाची अध्यक्ष.
२. माझी मोठी जाऊ.
३ ते ७. खैरलांजीकडच्या पाच जणी. एका बसने आल्या, एका सतरंजीवर बसल्या, एका बसने गेल्या. एकमेकींना विचारल्याशिवाय चहासुद्धा घेतला नाही.
८. विहारामागच्या मामी.
९. भाभी. गैरहजर, मलाजखंडला लेकीकडे.
१०. शिलाईवाली.

माझ्या वहीतलं प्रत्येक पान असंच सुरू होतं. आधी वार, मग वेळ, मग हजेरी, मग कामं. हजेरीचा क्रम गटात आलेल्या क्रमाचा, म्हणून पहिली मी. इथे मी नावं गाळून ओळख तेवढी लिहिली आहे. नावं तांदळाच्या पाकिटांवर असतात, आणि ती तिथे पूर्ण उमटावीत एवढ्यासाठीच त्या दिवशीची बैठक दोन तास लांबली.

आमचा गट दहा बायकांचा. जिच्या तिच्या बांधीतला, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतातला, चिन्नोर तांदूळ जी ती आणते, निवडते, अर्ध्या किलोच्या कापडी पिशव्यांत भरते. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते, घरी कॉम्प्युटर आहे, प्रिंटर आहे, म्हणून याद्या आणि छपाई माझ्याकडे. याद्या मी तशाही केल्याच असत्या. आमच्या फ्रिजवर फ्रिजमध्ये काय आहे त्याची यादी असते.

दर वर्षी सव्वीस जानेवारीला मैदानावर प्रदर्शन भरतं, त्यात आमची एक टपरीवजा जागा असते. दुपारी तांदळाची स्पर्धा होते. प्रत्येक पाकिटातला मूठभर तांदूळ वेगवेगळ्या पातेलीत शिजवतात, तीन जण चाखतात आणि एकाचा नंबर काढतात. मागच्या वर्षी आमच्या एका पाकिटाचा पहिला नंबर आला. कोणाच्या, ते कळायला मार्ग नव्हता, कारण लेबलवर फक्त गटाचं नाव होतं. मग अध्यक्ष म्हणून प्रमाणपत्र घ्यायला मी वर गेले. फोटो निघाला. तो मी पुढच्या खोलीत लावला.

फोटोत माझ्या एका हातात प्रमाणपत्र आहे आणि दुसऱ्या हातात ते पाकीट. पाकिटाचं तोंड मशीनवर शिवलेलं आहे. आम्ही नऊ जणी तोंड दोऱ्याने बांधतो. मशीनवर शिवते ती एकटी शिलाईवाली. तिचं बसस्टँडच्या मागे ब्लाउज-परकर शिवायचं दुकान आहे, आणि तांदूळ लामत्याकडच्या तिच्या सासऱ्यांच्या बांधीतला. हे मला फोटो भिंतीवर चढल्यानंतर चार महिन्यांनी दिसलं. तिला तिथल्या तिथेच दिसलं असणार. ती बोलली नाही. दिवाळीच्या सुमाराला, माझ्या ब्लाउजचं माप घेता घेता, टेप माझ्या दंडाला गुंडाळून ती एवढंच म्हणाली, "ताई, या वर्षी पाकिटावर नाव पाहिजे मले. नंबर भेटो नाही तं नको भेटो."

प्रदर्शनवाल्यांनीही या वर्षी नियम काढला होता: पाकिटावर भरणारीचं नाव वाचता आलं पाहिजे, नाही तर ते पाकीट पातेलीत जाणार नाही. म्हणून मी नवं लेबल केलं. वर भाताची लोंबी आणि "चिन्नोर तांदूळ", मध्ये वजन, सगळ्यात खाली नाव. बाजारातून आधीच कापे पाडलेले स्टिकरचे कागद आणले, दहा कागदांचं पाकीट. एका कागदावर दहा ओळी, एका ओळीत तीन लेबलं. बायका दहा, ओळी दहा. मला असे हिशेब फार आवडतात. हजेरीचा क्रम उचलला आणि ओळींना लावला. पहिली ओळ माझी, दहावी शिलाईवालीची.

शनिवारी मी चार कागद छापून ठेवले. वरची ओळ पाहिली. सुरेख. वहीत "लेबल" या कामापुढे बरोबरची खूण केली.

रविवारी कागद हातोहात फिरले. मोठ्या जावेने आपली ओळ डोळ्याजवळ नेऊन पाहिली आणि मान हलवली. खैरलांजीच्या पाच जणींनी पाच ओळी एकदमच मान्य केल्या. मामी म्हणाल्या, "माह्यं नाव जरासं खाली बसलं हाय. पन बसलं हाय, पडलं नाही."

शिलाईवालीने कागद मांडीवर ठेवला आणि बोट शेवटच्या ओळीवरून फिरवलं. तिच्या नावाची फक्त शिरोरेषा आली होती, आणि वरच्या दोन वेलांट्या. खालचं काहीच नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "हे तं कपडे वाळवाची दोरी झाली. कपडे कुठी हायेत?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मला राग आला होता, कारण खूण करून झाली होती.

"नाव लांब असन तुह्यं," जाऊ म्हणाली, "मावलं नसन."

"लांब असतं तं बाजूनं कापलं असतं, मोठ्या ताई. हे खालून कापलं."

"कागद वाकडा गेला असन," मी म्हटलं. वरच्या ओळीत बसणाऱ्या माणसाला दोष नेहमी कागदाचा वाटतो. माझी ओळ बरोबर होती, म्हणजे काम बरोबर होतं, म्हणजे उरली चूक कागदाची. मी पाचवा कागद घेतला, ठोकून सरळ केला, प्रिंटरच्या दोन्ही पट्ट्या घट्ट लावल्या आणि छापला. पुन्हा दोरी.

"सरळ गेला ना आता?" मामींनी विचारलं.

"हौ."

"मंग?"

मग मी सहावा कागद घेतला. खालून कापतंय तर सगळंच तीन मिलिमीटर वर सरकवू, असा सोपा उपाय केला. वरचा समास कमी केला आणि छापला. शिलाईवालीचं नाव बरोबर आलं, अगदी खालच्या उकारासकट. पण माझ्या ओळीतली लोंबी गेली, आणि "चिन्नोर तांदूळ" या शब्दांची डोकी उडाली, कारण प्रिंटर कागदाच्या अगदी कडेला छापतच नाही. माझ्या लेबलवर नाव होतं, वजन होतं, फक्त कशाचं वजन ते नव्हतं.

आता मला चूक गंभीर वाटू लागली.

जावेने ते बरोबर हेरलं. "पाहा वं," ती मामींना म्हणाली, "अध्यक्षबाईची ओळ कापली तं चष्मा निंगाला."

खरंच मी चष्मा काढून लावत होते. मी म्हटलं, दहाव्या ओळीत आपण दर वेळी वेगळी बाई घेऊ, पाळीने, म्हणजे कोणा एकीचंच नुकसान नको. पाळीची यादी मी लगेच करायला घेतली. तीन नावं लिहूनही झाली.

"काहून?" शिलाईवाली म्हणाली. "आज माह्यं कापलं, उद्या मामीचं कापायचं? मले वर नका नेऊ, ताई. कापते काहून ते पाहा."

खैरलांजीच्या पाच जणींनी माझ्या यादीकडे बघून एकदम चहा मागितला. मी चहा ठेवायला आत गेले. परत येते तर शिलाईवालीने गळ्यातला टेप काढला होता (तो तिच्या गळ्यात रविवारीही असतो), एक छापलेला कागद जमिनीवर पसरला होता आणि वरून खाली मापत चालली होती. लेबलची कापाची रेघ कुठे, छाप कुठे. जाऊ शेजारी उकिडवी बसून आकडे मोठ्याने म्हणत होती, जणू लिलाव चाललाय.

"पहिली ओळ, फरक नाही. दुसरी, फरक दिसत नाही. चौथी, एक रेघ. सातवी, दोनले थोडी कमी. दहावी..."

"तीनच्या जवळ," शिलाईवाली म्हणाली आणि टेप गुंडाळला. "ताई, परकर कधी शिवला काय?"

"नाही."

"आठ कळ्यांचा परकर असते. एका कळीत सूतभर, इंचाचा आठवा हिस्सा, कापड जास्त ठेवलं तं काही दिसत नाही. कळी हातात घेऊन पाहा, बरोबरच दिसते. आठही जोडल्या का कंबर इंचभर ढिली. मंग गिऱ्हाईक म्हनते माप चुकलं. माप नाही चुकत, कळी चुकते." तिने माझ्या कॉम्प्युटरकडे हनुवटी केली. "याले एका ओळीची उंची किती सांगितली तुमी?"

मी कॉम्प्युटरवर मापाची खिडकी उघडून दाखवली. लेबलची उंची: ३० मिलिमीटर.

"दहा ओळी. म्हन्जे तीनशे," ती म्हणाली. "आन कागद?"

जावेने टेप तिच्या हातातून घेतला आणि कागदाला लावला. "तीस सेंटीमीटरले तीन रेघा कमी."

दोनशे सत्याण्णव. चहाच्या घोटाचा एकच आवाज झाला. खैरलांजीच्या पाच जणी तो एकदमच पितात.

आता जे झालं होतं ते सांगते, कारण ते मी त्या वेळी सांगितलं नाही. स्टिकरच्या पाकिटावर उंची २९.७ अशी स्पष्ट छापलेली होती. मी तीच टाकली होती. पण त्याआधी, पहिल्या दिवशी, सॉफ्टवेअरने मला दोन प्रश्न विचारले होते. मापं कशात हवीत? मी मिलिमीटर निवडलं. दशांश चिन्हापुढे किती आकडे हवेत, शून्य, एक, दोन की तीन? मी शून्य निवडलं. मला पूर्ण आकडे आवडतात. माझ्या वहीत दीड वाजता काही होत नाही. एक वाजता होतं किंवा दोन वाजता. मग मी २९.७ टाकलं, पुढच्या रकान्यावर गेले, आणि मागे त्याचं आपोआप ३० झालं. मी पाहिलं होतं. मला वाटलं, किती नीटनेटकं सॉफ्टवेअर आहे.

तर प्रत्येक ओळ एक तृतीयांश मिलिमीटरपेक्षाही कमी खाली सरकत होती. पहिलीला काही नाही, कारण सरकणं तिच्यानंतर सुरू होतं. नऊ ओळींचा सगळा फरक दहाव्या ओळीच्या डोक्यावर येऊन बसत होता.

"शून्याचं एक करते," मी म्हटलं आणि दशांशाचा एक आकडा निवडला. "झालं." सातवा कागद उचलला.

शिलाईवालीने तो माझ्या हातातून काढून घेतला. अगदी हळू, पण काढून घेतला. "आधी रद्दीवर काढा, ताई. ब्लाउजबी आपन आधी कागदावरच कापतो. स्टिकरचे सहा कागद संपले, चार राह्यले."

मला माझ्याच घरात, माझ्याच प्रिंटरसमोर, एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती. शाळेची जुनी सूचनापत्रं काढली, पाठकोऱ्या बाजूवर छापलं. तिने तो कागद स्टिकरच्या कागदावर ठेवला आणि दोन्ही मिळून खिडकीच्या काचेवर धरले. आरपार दिसलं. दहावी ओळ तिथेच, तीन मिलिमीटर खाली.

"काही बदललंच नाही," जाऊ म्हणाली.

मी पुन्हा कॉम्प्युटरवरची मापाची खिडकी उघडली. तिथे आता ३०.० होतं. म्हणजे एक आकडा जास्त दाखवत होतं, पण एकदा वाढवलेले तीन दशांश त्याने परत कमी केले नव्हते. त्याला काय माहीत, आधी काय होतं? ते पुन्हा मलाच टाकायचं होतं. मी २९.७ टाकलं. पुढच्या रकान्यावर गेले. वळून पाहिलं. २९.७ होतं. परत एकदा पाहिलं.

मग माझ्या अंगात उत्साह आला. म्हटलं, तीनही आकडे घेऊ, २९.७००, म्हणजे पुन्हा कधी प्रश्नच नको. रुंदीही ७०.०००. समास ४.२३३.

"हे कुठून आनलं, दोनशे तेहतीस?" शिलाईवालीने विचारलं.

"त्यानंच दाखवलं. इंचाचा सहावा हिस्सा."

"तुमच्या प्रिंटरले दिसते काय तेवढं?"

"नाही."

"कैचीले?"

"नाही."

"तं कोनाले दाखवाचं हाय? तांदळाचा दानाबी तेवढा बारीक नसते." तिने स्टिकरच्या पाकिटावर बोट ठेवलं. "यानं जेवढं लिहिलं तेवढं लिहा. त्यानं एक आकडा लिहिला, आपनबी एक."

मी एक ठेवला. रद्दीवर छापलं, काचेवर धरलं. पहिली ओळ बसली. मामी उठून जवळ आल्या, आठवी पाहिली, "उभी झाली," म्हणाल्या. दहावी शिलाईवालीने पाहिली. बराच वेळ पाहिली. काचेतून ऊन येत होतं आणि कागदातून तिचं नाव, आडनावासकट, उकार-वेलांट्यांसकट दिसत होतं. मग तिने टेप पुन्हा गळ्यात टाकला.

मी स्टिकरचे तीन कागद छापले. चौथा, शेवटचा, हातात घेतला तेव्हा जाऊ म्हणाली, "आमच्या सगळ्यायच्या ओळी पहिल्या चार कागदांवर बऱ्या हायेत. हिचेच बारा वाया गेले. हा पूर्रा कागद हिच्याच नावाचा काढ."

"दहाही ओळी?"

"हौ. काहून, अध्यक्षबाईले जड जाऊन राह्यलं काय?" आणि भिंतीवरच्या फोटोकडे न बघता, अगदी सहज, "तसंबी पाकीट कोनं शिवलं होतं ते सगळ्यायले माहीत हाय."

मामी पदराआड हसल्या. खैरलांजीच्या पाच जणींनी पाचही कप एकदम खाली ठेवले. मी दहाही ओळींत एकच नाव टाकलं. तीस लेबलं निघाली. शिलाईवालीने मोजली नाहीत; मी मोजली.

प्रदर्शनाच्या दिवशी तिची वीस पाकिटं टपरीवर पुढच्या रांगेत होती, तोंडं शिवलेली, नाव खाली ठळक. एक पाकीट स्पर्धेत गेलं. नाव वाचता आलं, पातेलीत तांदूळ गेला. नंबर मात्र दुसऱ्याच तालुक्यातल्या एका गटाचा आला. आमच्यापैकी कोणाचाच नाही. जाऊ म्हणाली, बरं झालं, फोटो काढायचा राहिला.

तीनच्या सुमाराला एक गृहस्थ टपरीवर आले. स्पर्धेतल्या पातेल्यांतला उरलेला भात लोकांना वाटतात, तो त्यांनी खाल्ला होता. हातात स्पर्धेतलीच, शिवलेलं तोंड उसवलेली पिशवी होती. त्यांनी लेबल वाचून एक नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट, आणि त्या आहेत का म्हणून विचारलं.

मी मागे वळून हाक मारली, "अवं शिलाईवाली, इकडं ये, तुले बोलावून राह्यले."

गृहस्थ गडबडले. "नाही नाही मॅडम, कपडे नाही सिलवायचे मला. चावल पाहिजे." त्यांनी लेबलवर बोट ठेवलं. "यांचाच."

ती मागे पोती रचत होती, तिथून आली. पदर झटकला. "मीच ते," म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. कळी सूतभर जास्त निघाली की पाहते तसं. मग दहा पाकिटं बांधून दिली.

घरी आल्यावर मी प्रदर्शनाचं पान लिहायला वही उघडली. वार, वेळ, हजेरी. एक ते नऊ नावं लिहिली. दहाव्या ओळीत हात थांबला, म्हणून मागचं पान पाहिलं. मग त्याच्या मागचं. या लेखाच्या सुरुवातीला नऊ जणींची नावं मला गाळावी लागली. दहावीला काही गाळावं लागलं नाही. वहीत तसंच लिहिलेलं आहे, शिलाईवाली, ती गटात आली त्या दिवसापासून प्रत्येक पानावर, माझ्या सुवाच्य अक्षरात.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन तिला सांगितलं. ती मशीन न थांबवता म्हणाली, "सुधरवायचं असन तं पहिल्या पानापासून सुधरवा. एकाच पानावर नको. आन माह्यासमोर, म्हन्जे मी पाहीन."

हे बरोबर आहे. फक्त लग्नसराई लागली आहे, तिच्याकडे ब्लाउजांचा ढीग आहे, आणि तिला वेळ असतो तेव्हा शाळेच्या परीक्षा असतात. फोटोही उतरवून तिच्या दुकानात द्यायचा होता, तो दिला. तिने कपाटामागे उलटा ठेवला आहे. वहीच्या शेवटच्या पानावरच्या यादीत बाकी सगळ्या कामांपुढे खूण झाली. एकाच कामापुढे जागा रिकामी आहे:

दहावी ओळ, पान एकपासून. तिच्यासमोर.